रंगवलेल्या स्प्रिंगा

(नोव्हाय, मिशिगन. मार्च १९९६, शनिवार दुपार. हॉबी शॉपमागची शेड, आत मातीचा ट्रॅक. कडेच्या टेबलावर रिमोटवर चालणारी रेसिंग बग्गी उलटी ठेवलेली. भानुदास आणि संघमित्रा, नवराबायको. भानुदासचा ऑफिसातला मित्र गिरीश अधूनमधून येतो-जातो. संघमित्राच्या फायनलला अर्धा तास.)

संघमित्रा : मग हे माझ्या बोटाला काय लागलंय?

भानुदास : ग्रीस असेल.

संघमित्रा : लाल?

भानुदास : अमेरिकेत मिळतं.

संघमित्रा : अहो, मलाही अमेरिकेत येऊन बावीस वर्षं झाली. हे माझं नेलपॉलिश आहे. धम्मचक्र दिनाला लावलं तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. परवा बघते तर तळाशी. मला वाटलं, हीटरनं आटलं.

भानुदास : हीटर जोरात असतोच आपला.

संघमित्रा : आणि ही मागची स्प्रिंग नखानं खरवडली की आतून पांढरी निघते.

भानुदास : खरवडू नकोस.

संघमित्रा : लाल म्हणजे कडक, पांढरी म्हणजे मऊ. मला इंजिनिअरिंग येत नाही, पण पाकिटावरचं वाचता येतं. तुम्ही मऊ स्प्रिंगा घातल्या आणि वरून लाल रंगवल्या?

भानुदास : दोन कोट दिले होते. निघायला नको होता.

गिरीश : वहिनी! काय स्मूथ गेली हो मघाशी तुमची गाडी! मागचं टोक जराही हललं नाही. भानू, सेटअप दे ना, यार.

भानुदास : सोमवारी ऑफिसात देतो.

संघमित्रा : आत्ताच सांगा की. मीही ऐकते.

भानुदास : विशेष काही नाही. मागच्या स्प्रिंगा मऊ. शॉक अब्सॉर्बरमध्ये जाड तेल. मागची चाकं धरणारे आर्म अर्धा इंच लांब केले. मागची चाकं पुढून किंचित आत वळवली.

गिरीश : एवढं सगळं? मग मागचं टोक घसरणारच नाही! स्टिअरिंग धरून शिंक आली तरी गाडी सरळ जाईल. पण स्लो होणार, यार. हा तर बिगिनरचा सेटअप. वहिनी गेल्या वर्षीच्या चॅम्पियन, त्यांना पांगुळगाडा कशाला?

संघमित्रा : गिरीश, तुमची रेस झाली का?

गिरीश : झाली. सहावा आलो. सहाच जण होते. आता तुमच्या फायनलला मार्शल आहे. हे नारिंगी जॅकेट घालून तिसऱ्या वळणावर उभं राहायचं, कुणाची गाडी उलटली की सरळ करून द्यायची. जॅकेट इथे ठेवतो हां, हॉट डॉग खाऊन आलोच.

संघमित्रा : कधीपासून?

भानुदास : तेल नोव्हेंबरात. स्प्रिंगा डिसेंबरात. आर्म जानेवारीत, ऑफिसच्या लेथवर.

संघमित्रा : मी गाडीचं विचारत नाही.

भानुदास : ऑक्टोबर. तू नागपूरला ताईला एअरोग्राम लिहीत होतीस. पूर्वी तुझं पत्र जेमतेम अकरा ओळींत संपायचं, जागा संपायची. त्या दिवशी तेवढ्याच कागदात बत्तीस ओळी बसल्या. खालच्या ओळी तर मुंग्यांची रांग. मला वाटलं, काटकसर करतेस. मग ताईचंच पत्र आलं, वहिनीचं अक्षर भिंगानं वाचावं लागतं म्हणून.

संघमित्रा : ओळी मोजल्या तुम्ही.

भानुदास : सवय आहे.

संघमित्रा : आणि तेव्हापासून माझा चहा अर्धाच कप भरता. मी म्हटलं, भारतातून आणलेली पावडर संपत आली असेल.

भानुदास : पावडर भरपूर आहे.

संघमित्रा : मग आज थर्मासमधून पूर्ण ओता.

भानुदास : सांडेल, मित्रा.

संघमित्रा : सांडू दे. ओता. ... हं. बघा, सांडला. काय झालं? टेबल पुसायचं एवढंच.

भानुदास : भाजलं का?

संघमित्रा : नाही. तुमचा चहा कधी गरम असतो?

भानुदास : डॉक्टरकडे जायला हवं. मी ऑफिसच्या इन्शुरन्सचं पुस्तक काढून यादी केली आहे. सोळा नावं.

संघमित्रा : बावीस फेब्रुवारीला गेले होते.

भानुदास : बावीसला तू सीमाबरोबर साड्या बघायला गेली होतीस.

संघमित्रा : एक तरी साडी आली का घरी?

भानुदास : मला वाटलं, आवडली नसेल.

संघमित्रा : त्या न्यूरॉलॉजिस्टनं मला टाळ्या वाजवल्यासारखी बोटं जुळवायला लावली, कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. मग खुर्ची जवळ ओढून बसला. डॉक्टरनं खुर्ची जवळ ओढली की समजायचं. पार्किन्सन म्हणाला. मी म्हटलं, स्पेलिंग लिहून द्या.

भानुदास : मला माहीत आहे स्पेलिंग.

संघमित्रा : कसं?

भानुदास : पुस्तक वाचलं. लायब्ररीतलं.

संघमित्रा : निळ्या कव्हरचं? कुटुंबीयांसाठी वगैरे?

भानुदास : हो.

संघमित्रा : ते तुमच्याकडे होतं? मी वेटिंग लिस्टवर आहे! दर सोमवारी विचारते, ती बाई म्हणते, बाहेर आहे, पुन्हा रिन्यू झालं.

भानुदास : दोनदा केलं. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. तुझ्या हाती लागू नये म्हणून.

संघमित्रा : अख्ख्या नोव्हायमध्ये एक पुस्तक, आणि नवरा-बायको दोघं एकमेकांपासून लपवायला तेच शोधतायत.

भानुदास : मग तुझं प्रमोशन? डिसेंबरातलं?

संघमित्रा : कसलं प्रमोशन! हॉस्पिटलात एका म्हाताऱ्या बाईचं रक्त काढताना सुई दोनदा चुकली. ती बिचारी म्हणाली, इट्स ओके हनी. त्याच दिवशी मी स्वतःच डेस्कचं काम मागून घेतलं. एकोणीस वर्षं लोक रांग सोडून माझ्याकडे यायचे हो, दुखत नाही म्हणून.

भानुदास : आपण तेव्हा केक आणला होता.

संघमित्रा : खाल्लाही. चांगला होता.

भानुदास : पण एक कळत नाही. दर शनिवारी तू सांगायचीस, गाडी मागून उडते, फेकली जाते. तुला माहीत होतं की गाडीत दोष नाही?

संघमित्रा : जानेवारीपासून माहीत होतं. आपला राकेश कॉलेजच्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या हातात रिमोट दिला. त्याचीच जुनी गाडी, गॅरेजात धूळ खात होती, मी उचलली. त्यानं दहा फेऱ्या मारल्या. रेघ ओढल्यासारखी गेली.

भानुदास : मग मला का नाही सांगितलंस? मी दर रविवारी काहीतरी बदलत राहिलो. तीन जोड्या आर्म केले मी.

संघमित्रा : तुमच्या हातात स्क्रूड्रायव्हर असला की तुम्ही मला काही विचारत नाही. आणि शिट्टी वाजवता. रविवारी गॅरेजातून शिट्टी ऐकू आली की मला वाटायचं, अजून एक आठवडा गेला.

भानुदास : मी शिट्टी वाजवत होतो कारण तू ऐकत होतीस.

संघमित्रा : राकेशला कळवलंत?

भानुदास : नाही. तू?

संघमित्रा : त्याच्या परीक्षा आहेत.

भानुदास : हो. परीक्षा आहेतच.

संघमित्रा : डब्यात जुन्या लाल स्प्रिंगा आहेत ना? खरोखरच्या लाल?

भानुदास : आहेत. का?

संघमित्रा : बसवा. जुने आर्मसुद्धा. तेलही पातळ घाला. गेल्या वर्षी होती तशी करा गाडी.

भानुदास : मित्रा, तिसऱ्या वळणाआधी तीन उंचवटे आहेत. कडक स्प्रिंगवर मागची चाकं तिथे हवेत जातात. तेव्हा स्टिअरिंग जरा जरी हललं...

संघमित्रा : उलटेल.

भानुदास : प्रत्येक फेरीला उलटेल. हे मी अंदाजानं बोलत नाही.

संघमित्रा : मलाही अंदाज नकोय. मला बघायचंय, किती हलतो ते. हात माझा आहे ना? तुम्ही सगळं स्प्रिंगांत मुरवून टाकता, माझ्यापर्यंत काही येतच नाही.

भानुदास : सव्वीस वर्षं मला त्याचाच पगार मिळतोय. रस्त्यावरचे खड्डे गाडीतल्या माणसाला कळू नयेत म्हणून.

संघमित्रा : मग आज रजा घ्या.

भानुदास : सगळे बघतील.

संघमित्रा : बघू दे. गेल्या वर्षी मी जिंकले तेव्हाही बघत होते. हेच शेवटचं, अहो. पुढच्या शनिवारपासून मी टाइमकीपरशेजारी बसेन आणि गिरीशच्या चुका काढेन. त्याला एक जन्म पुरायचा नाही. पण आज मला माझी गाडी द्या.

भानुदास : वीस मिनिटं आहेत.

संघमित्रा : तुम्हाला बारा लागतात. मी मोजलंय.

भानुदास : तो छोटा पाना दे. ... राहू दे, मी घेतो.

संघमित्रा : देते. थांबा. ... हा घ्या.

भानुदास : थँक्यू.

संघमित्रा : आज शिट्टी नाही?

भानुदास : नाही.

गिरीश : चला वहिनी, ड्रायव्हर्स बोलावतायत! अरे, हे काय? भानू, ऐन वेळी जुना सेटअप? यार, हा तर...

भानुदास : गिरीश, ते जॅकेट घालू नकोस, मला दे. तुझ्याऐवजी मी उभा राहतो.

गिरीश : तू? तिसऱ्या वळणावर? अरे, तिथे फार धावाधाव असते. तुझे गुडघे...

भानुदास : दे.

गिरीश : घे बाबा. मोठं होईल तुला.

संघमित्रा : चेन वरपर्यंत लावा, थंडी आहे. आणि ऐका.

भानुदास : काय?

संघमित्रा : उलटली की धावत येऊ नका. चालत या. मी थांबेन.