बाई मेलीय, रडा की!

…आता तुमीच सांगा, बाई मेलीय का न्हाई? मेलीय! डोळ्यादेखत जिन्यावरून गडगडत खाली आलीय, मान वाकडी झालीय, शेजारी नवरा उभा हाय, सख्खी बहीन उभी हाय, चार नोकर हात बांधून उभे हायेत… मग रडा की! आपल्या पालममध्ये कुनाची म्हैस मेली तर आर्धी गल्ली गोळा होती, बाया गळ्यात गळे घालून म्हशीचे गुन गातात. अन् हितं? नवरा खिडकीपशी जातो. बाहीर बघतो. बाहीर काय हाय? पाऊस! दुसरं हायच काय त्यांच्याकडं! मग बहीन येती, त्याच्या शेजारी उभी ऱ्हाती, लय येळ उभी ऱ्हाती, मला वाटतं आता फोडती हंबरडा, आता फोडती… तर ती म्हनती, "आज जरा गारठलंय, न्हाई?" अगं भवाने, तुझी सख्खी बहीन जिन्यात पडलीय अन् तुला गारठा सुचायलाय? बोल की गं बाई, बोल!

तुमाला सांगतो, मी रामलिंग. बसस्टँडच्या मागं हार्डवेअरचं दुकान हाय माझं. खिळे, पत्रे, पाईप, कुलपं, कडीकोयंडे. दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलून घसा कोरडा पडतो. सांजच्याला मानसानं घरी यावं, पाय लांब करावे, टीव्हीवर बातम्या लावाव्या, चार मानसं एकमेकाच्या अंगावर जायलेत ते बघावं, कसं मन हलकं होतं! पन न्हाई. आमच्या टीव्हीवर विलायती मानसं गप बसलेली असतात. जुने पिक्चर, जुन्या सिरियली, काही तर काळ्यापांढऱ्या, आमचा बाप जिवंत व्हता तवाच्या!

हे सगळं आमच्या पोराचं, शिवप्रकाशचं. पुन्याला फोनवर बोलायच्या कंपनीत व्हता. विलायतेतली मानसं फोन करून गाऱ्हानी सांगनार, ह्यानं ऐकायची. तिथल्या सायबानं सांगितलं, "त्यांचं बोलनं पकडायचं असंल तर त्यांच्या जुन्या सिरियली बघत जा." बघितल्या. पुढं कंपनी बसली, पोरगं गावाकडं आलं, दुकानात बसायला लागलं, पन सिरियली काही सुटल्या न्हाईत. अन् गंमत बघा, बोलनं पकडायला गेलेलं पोरगं, ते जे खामोश झालं ते झालंच! जेवलास का? "हं." दुकान बंद केलंस का? "हं." अरे, फोनवर विलायतेशी बोलत व्हतास ना, मग बापाशी बोलायला काय रेंज लागती का? बोल की रे बाबा, बोल!

अन् हे काय हसन्यावारी न्हेन्याचं न्हाई बरं का. पोराची तिशी उलटलीय. आमच्या लिंगायतांत आधीच पोरी कमी, त्यात दुकानदाराला कुनी देईना, नोकरीवाला पायजे. तरी पाव्हनं येतात. आता जमाना असा आलाय की पोरीकडचेच आधी पोराचं घर बघायला येतात. येतात, पोहे खातात, अन् मग कुनीतरी श्यानं म्हनतं, "दोघांला जरा बोलू द्या." संपलं! दोघं आतल्या खोलीत जातात, अन् आमचा पंखा आजून जोर पकडंना तवर पोरगी बाहीर. सोनपेठच्या पोरीनं तर जाता जाता मला इचारलं, "काका, तुमच्या पोराला ऐकू तर येतं ना?" मी शिवप्रकाशला धरला, म्हनलं, "काय बोललास रे?" म्हनला, "विशेष काही न्हाई. यंदा पाऊस कमी हाय म्हनलो." विशेष काही न्हाई! अरे, तुला लग्नाचं बोलायला पाठवलं व्हतं, हवामान खात्यात न्हाई! घरात सून येनार का न्हाई, का मी अन् तुझी माय असंच भिंतीकडं बघत म्हातारं व्हायचं?

कुठून शिकला हे? त्यांच्याकडूनच की! एक पिक्चर बघितला मी त्यांचा, प्रेमाचा. प्रेमाचा म्हनं! एक मानूस एका बाईकडं सगळा पिक्चरभर बघतो. ती बी त्याच्याकडं बघती. बागंत फिरतात, मधी कुत्रं. घोडागाडीत बसतात, मधी छत्री. मी हितं खुर्चीच्या टोकाला आलेलो, म्हनलं आता तरी तोंड उघड, तिचं दुसरीकडं जमायलंय! तर हा म्हनतो, "तुमच्या आईची तब्येत कशीय?" तिचं लगीन झालं दुसऱ्याशी, लेकरं झाली, केस पांढरे झाले, अन् मग शेवटाला हा रेल्वे टेसनावर टोपी काढतो. टोपी! येवढ्यासाठी आमी आडीच तास बसलो! आमच्याकडं मानसं दिवसाढवळ्या येकमेकाला टोपी घालतात, काढायचं काय कौतुक!

अन् घरं बघा त्यांची. ह्यो मोठा बंगला, तीनशे खोल्या असतील, नोकर-चाकर, चांदीची भांडी… अन् दार उघडलं की क्यांऽऽऽव! आवो, बिजागिरी हाय ती, तेल मागायली! दोन थेंब टाका! मी धंद्याचा मानूस, मला ऐकवत न्हाई. छत गळायलंय, खाली बादली ठिवलीय, बादलीच्या बाजूला राजा बसल्यासारखा मालक बसलाय, अन् एक पत्रा आनून टाकायची अक्कल न्हाई. मी मल्लम्माला, आमच्या मंडळीला, म्हनलं, "ह्यांनी आपल्यावर राज्य कसं केलं गं? ह्यांच्याच्यानं साधी बिजागिरी सांभाळवंना!"

खुनाच्या सिरियली तर इचारूच नका. गाव केवढं? ताडकळसच्या बाजारात येका सकाळी जमतात तेवढी बी मानसं नसतील. अन् दर भागाला एक खून, येखाद्या भागाला दोन! तरी गावात मानूस शिल्लक ऱ्हातंय कसं, हे मला आजून उमगलं न्हाई. अन् इन्स्पेक्टर येतो कुठं? हार्डवेअरच्या दुकानात! "फावडं कुनी नेलं? दोरी कुनाला इकली?" अन् तो दुकानदार कसा दाखवतात… घामेजलेला, डोळे चुकवनारा, मिशीला हात लावनारा. का? आमी काय खुन्यांचे सोयरे हाव? मी रागानं टीव्ही बंद केला तर आमची मल्लम्मा वसकन अंगावर आली. तिला इंग्लिशचं अक्षर कळत न्हाई, पन बघती ती बी, पदर तोंडाला लावून. म्हनलं, "तुला काय कळतंय गं त्यातलं?" म्हनली, "मानसं गप बसली की मनातलं कळतं. तुमी लगीन झाल्यापासून बोलायलाव, मला काय कळलं?" घ्या!

तर अशात ताडकळसहून निरोप आला, पाव्हनं येतो म्हनून. पोरगी त्रिवेणी. एसटीत कंडक्टर! आवाज असा की पुढच्या दारातून "सरका!" म्हनली तर मागच्या शिटावरचं झोपलेलं मानूस उभं ऱ्हावं. मी म्हनलं, गेलं. ही येनार, ह्याच्या "हं"ला येक डाव ऐकनार, अन् घंटी मारून निघून जानार. पोराला बजावलं, "टीव्ही बंद. अन् तोंड चालू." म्हनला, "हं."

पाव्हनं आले सांगितल्यापेक्षा आधी. मी कांदा-कोथिंबीर घेऊन घरात शिरतो तर मंडळी सोफ्यावर! पोरगी, तिचे आई-बाप, अन् मधोमध तिचे आजोबा महांतअप्पा. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, डोळ्यात जरा मोतीबिंदू. बाजूला मल्लम्मा अन् शिवप्रकाश. अन् समोर काय? टीव्ही चालू! तीच ती जिन्यातली बाई, अन् आता तिला मातीत ठिवायलेत. म्हनलं, झालं वाटोळं!

पन महांतअप्पा टक लावून बघायलेत! मला म्हनले, "रामलिंगअप्पा, ही आपल्यातली मंडळी दिसती."

"कोन? हे?"

"आपल्यासारखं पुरायलेत न्हवं! जाळायले न्हाईत. अन् ते बघा स्वामी, गळ्यात काय घातलंय…"

आता तो त्यांचा पाद्री, गळ्यात त्याच्या क्रूस! पन आजोबांच्या मोतीबिंदूला मी कशाला आडवं जाऊ? तेवढ्यात पाद्र्यानं मूठभर माती टाकली. आजोबांनी हात जोडले. "विभूती टाकली! फकस्त येक चुकलं बघा, आडवं ठिवलं. आपल्यात पुरतात तसं बसवायला पायजे व्हतं. गावाकडची असतील, कळत नसंल." अन् मग माझ्याकडं वळून म्हनले, "आजकालची पोरं कसलं कसलं बघतात, अन् तुमचं पोरगं बघा, अंत्यविधी बघायलंय. घर धर्माचं हाय!"

तुमाला सांगतो, मी आनंदानं उडालो असतो. पन मला पुढचं माहीत व्हतं! आवो, ही सिरियल आमच्याकडं फिरून फिरून लागती! माती दिली की ही सगळी मंडळी थेट बंगल्यात जातात, दार उघडतं, अन् आत मेजावर डुकराची आख्खी मांडी! सोबत बाटल्या! आमच्यात, जिथं अंडं फोडलेला चमचा उंबरा वलांडत न्हाई! मी शिवप्रकाशला डोळ्यानं खुनावलं. बघंना. खाकरलो. बघंना. शेवटी मीच टीव्हीपुढं जाऊन उभा ऱ्हायलो, "अप्पा, पंखा वाढवू का?" तर आजोबा वरडले, "सरका हो, माती द्यायलेत अन् तुमी आडवे येताव!" सरकलो. मंडळी बंगल्याच्या दारापशी आली. नोकरानं कडीला हात घातला. क्यांऽऽऽव…

अन् पोरगी बोलली! "थांबा थांबा! ती काळ्या झग्यातली कोन? मेलेल्या बाईची बहीन ना? मग रडंना का ती? माझी बहीन मेली असती तर मी डेपो डोक्यावर घेतला असता! हिला काळीज हाय का न्हाई?"

शिवप्रकाशनं रिमोट उचललं, चित्र जागच्या जागी थांबवलं. दार आर्धं उघडं, मांडी आतच! अन् माझं पोरगं, नुसता हुंकार देनारं माझं पोरगं, तोंड उघडून बोललं, "एकदा रडली तर तिला थांबता येनार न्हाई. म्हनून ती रडत न्हाई."

मल्लम्मानं पदर डोळ्याला लावला. त्रिवेणी त्याच्याकडं बघत ऱ्हायली, म्हनली, "तुमी बी तसेच का?"

अन् हा खिडकीकडं बघायला लागला! गेलं, म्हनलं, आता गारठ्याचं बोलतो हा! मनातल्या मनात वरडलो, बोल की रे बाबा, आता तरी बोल!

म्हनला, "हाव."

मग तिनं काही खोलीत जायचं म्हनलं न्हाई, कुनाची वाट बघितली न्हाई, सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मला पसंत हाय. दिवसभर गाडीत मानसं माझ्यावर वरडतात, मी त्यांच्यावर वरडती. घरी कुनीतरी ऐकनारा पायजे." तुमाला खरं सांगतो, भरून आलं मला. त्या पोरीच्या पाया पडावं वाटलं. सगळे शिवप्रकाशकडं बघायलेत. आजोबा म्हनले, "तुमचं काय, जावईबापू?"

म्हनला, "हरकत न्हाई."

हरकत न्हाई! आरं, सोन्यासारखी पोरगी हो म्हनायली अन् तू काय भाडेकरूला खोली द्यायलास का? मी तोंड उघडलं, तर मल्लम्मानं दंडाला असा चिमटा काढला की कळ डोक्यात गेली. कानात म्हनली, "गप बसा. त्यांच्यात येवढं बोलले की पुढच्या भागात लगीन असतं."

लगीन झालं. थाटात झालं. सून आली, घर भरलं, मी सुखी हाय, खोटं कशाला बोलू. पन आता सांजच्याला काय होतं माहितीय? टीव्ही लागतो, पिक्चर चालू होतो, अन् सूनबाई बोलायला लागती. गाडीत कोन भांडलं, कुनाची कोंबडी शिटाखाली निघाली, डायव्हर काय म्हनला… अन् ती बोलायला लागली की आमचे चिरंजीव चित्र थांबवतात. मान वाकडी करून ऐकत बसतात. तिचं संपलं की चालू, तिनं तोंड उघडलं की बंद! मी इतकी वर्षं बोलतोय ह्या घरात, माझ्यासाठी कधी येक डाव थांबवलं व्हतं का?

आताच्या सिरियलीत म्हातारा कर्नल हाय एक, त्याला कुनीतरी प्यायच्या सुपातून इख घातलंय. मला तर पक्का शक पुतन्यावर हाय, पन सांगता काय येतंय, भाग पुढंच सरकंना. संक्रांतीला मेलाय बिचारा, आता पाडवा आला, प्रेत आजून मेजावर तसंच पडलंय… अन् मारनारा मोकळा फिरायलाय!