उजवे पुढचे चाक

मी, वय वर्षे बावन्न, धंदा वार्ताहर, राहणार छापखान्याच्या माडीवर, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

शर्यतीच्या गाडीचा एक घरगुती संघ आहे. त्याचा इतिहास मी वर्तमानपत्रासाठी लिहायला घेतला होता. संघात माणसे तीन: गाडी चालवणारा थोरला भाऊ, ती दुरुस्त करणारा धाकटा आणि फेऱ्यांची वेळ मोजणारी थोरल्याची बायको. भंगारातून उचललेल्या सांगाड्यावर भावांनी पहिली गाडी उभी केली आणि पुढे मोठमोठ्या कंपन्यांच्या संघांना धूळ चारली. गेल्या हंगामात थोरल्याने करंडकासोबत एकट्याचाच फोटो काढून घेतला. तेव्हापासून भावांत अबोला आहे. 'मौनं सर्वार्थसाधनम्' म्हणणाऱ्याने कधी चाक बदललेले नसावे.

कारण यांची रीत अशी: थोरल्याने नट हाताने बसवून 'घे' म्हणायचे, धाकट्याने पान्याने आवळून 'पक्कं' म्हणायचे. अबोला धरल्यापासून हे दोन शब्द बाई इकडून तिकडे पोचवत.

काल शर्यतीआधी तीन चाके नीट बसली. चौथ्या, म्हणजे उजव्या पुढच्या चाकाच्या वेळी थोरला बायकोला म्हणाला, "त्या महाशयांना सांग, घे. आणि हात जरा चालव म्हणावं."

धाकटा म्हणाला, "वहिनी, त्यांना सांगा, फोटोत न येणारे हात असेच चालतात."

"मी काय टपालपेटी आहे? घाला काय घालायचा तो गोंधळ!" असे म्हणून बाई निघून गेल्या.

धाकटा पाना घेऊन तसाच उभा राहिला. थोरला गाडीत बसला. निशाण हलताच त्याने 'पक्कं'ची वाट न पाहता गाडी काढली. धाकट्याने तोंड उघडले नाही. पहिल्याच वळणावर उजवे पुढचे चाक निखळले, गाडी उलटली आणि थोरल्याचा खांदा मोडला.

धाकट्याने जीव घेण्यासाठी नट सैल केले, अशी थोरल्याची तक्रार आहे. तसे मी पाहिले नाही. ते आवळलेच नव्हते. भांडणाच्या भरात धाकटा विसरला असावा, असे मी सांगितले.

त्यावर ठाण्यातल्या बाकावर हात गळ्यात बांधून बसलेला थोरला हसला. "असंच लिहा, साहेब. विसरला! मी तक्रार मागे घेतो. उद्यापासून याच्याकडे कुणी सायकलसुद्धा दुरुस्तीला देणार नाही."

समोर बसलेला धाकटा उठला आणि थेट भावाला म्हणाला, "दादा, मी नट विसरत नाही. तू निघालास तेव्हा मला माहीत होतं."

हवालदारांनी नवा कागद घेतला.

माझा कागद मला वाचून दाखवला. 'विसरला असावा' हा माझा तर्क मी मागे घेतो. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरा आहे.