निळी चौकट

मानसिंग : आवं काकी, तुमी अजून कुकू कसं काय लावलंय?

पारूबाई : ह्ये काय इचारनं झालं, मानसिंग? नवरा हाय माझा. हरवलाय, मेला न्हाई.

मानसिंग : हरवलाय? भूषण, काय म्हंत्यात ह्या? तुजं वडील, धोंडीबाकाका, गेलं म्हनून तर मी मुंबैवरनं कुंडलला भेटाय आलो. आदीच यायचं हुतं, रजा गावली न्हाई.

बुद्धभूषण : दादा गेले असं कुणी सांगितलं तुला?

मानसिंग : तूच की! संक्रातीला ईमेलात पत्ता धाडलास, इंटरनेटवरचं दादांचं पान बघा म्हनून. हापिसात उघडलं. काकांचा फोटो, भवतीनं जाड काळी चौकट. खालचं वाचायच येईना, नुसत्या किडं-मुंग्या. मानूस काय समजंल?

बुद्धभूषण : निळी आहे रं ती! दादांच्या फेट्याची निळी. खाली ‘हरवले आहेत’ म्हणून लिहिलंय, फोन नंबर दिलाय.

मानसिंग : काळी हुती. आईशप्पत.

बुद्धभूषण : हापिसात इंटरनेट बघायला नेटस्केप आहे का?

मानसिंग : व्हय.

बुद्धभूषण : घात झाला. चारी कडांना निळा रंग मी एकेक करून वेगळा लिहिला. एक्सप्लोररला ते कळतं, नेटस्केपला कळत नाही. मग ते अक्षरांचा काळा रंगच चौकटीला देतं. आणि मराठी फाँट तुझ्या मशिनीत नसणार. सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासात नुसता एक्सप्लोरर, दुसरीकडं बघायचं सुचलंच नाही मला!

पारूबाई : मला तुमचं ते कळत न्हाई. लोकं हुडकत्यात का न्हाई त्यास्नी?

मानसिंग : काकी... काका गेलं म्हनून मीच समद्यांस्नी सांगितलं. आन्...

बुद्धभूषण : आणि काय? बोल की!

मानसिंग : शिमग्याच्या टायमाला दौंड ठेसनात दिसलं हुतं. बाकड्यावर बसल्यालं. ‘मान्या’ म्हनून हाक मारली मला.

पारूबाई : मग?

मानसिंग : गेल्यालं मानूस हाक मारतंय म्हनल्यावर... लय भ्यालो, काकी. सुटत्या गाडीत चढलो. वळून बघितलं न्हाई.

बुद्धभूषण : शिमगा! चार महिने झाले, बेंदूर होऊन गेला, गड्या. दौंडातनं गाड्या कुठं कुठं जातात! आता कुठं बघू मी?

मानसिंग : मार मला, भूषण.

(पारूबाई दोघांपुढं चहा ठेवते.)

पारूबाई : मान्याच म्हनलं?

मानसिंग : व्हय, काकी.

पारूबाई : तुला तरी वळखलं. घरातनं जाताना मला ‘बाई, तुमी कोन?’ म्हनलं हुतं.