थेटरात घेतलेलं नाव

गड्यांनो, पन्नास वर्षांच्या संसारात आमच्या कारभारणीनं उखाण्याबिगर माझं नाव कधी तोंडातून काढलं न्हाई. परवा नगरला लेकीकडं गेल्तो, तर तिनं आमा दोघांना पिक्चरला बसवून दिलं. पिक्चर लई गोड. नवरा मरून धुक्याच्या मुलखात जातो. बायकोनं त्याला नावानं हाक मारली तर तो माघारी येनार, पन तिला मात्र त्याची वळखच राहनार न्हाई. हाक मारावी का न्हाई, याच इचारात ती पोरगी झुरते. आमची ही पदरानं डोळं पुसत हुती.

मधीच मी लघवीला गेलो. माघारी आलो तर गच्च अंधार, आपली रांगच घावंना. चाचपडत एका परक्या बाईशेजारी टेकनार, तेवढ्यात हाक आली. पडद्यावरली पोरगी अजून गप्पच हुती.

"रंगनाथ! हिकडं या!"

अख्ख्या थेटरानं माना वळवल्या. कसाबसा हिच्याजवळ जाऊन बसलो.

"अगं, नाव घेतलंस माझं? चारचौघांत?"

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणली, "मग काय करू? 'अहो' म्हणले असते तर निम्मं थेटर उठून आलं असतं!"