नाना सरांना रागावताना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, प्राचार्य मगनराव देवरे; व्यासपीठावरील संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी; सत्कारमूर्ती प्राध्यापक तोताराम भामरे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे नाना सर; त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती यशोदाअक्का; आणि धुळे-जळगावच्या गावागावांतून आलेल्या माझ्या गुरुभगिनींनो, गुरुबंधूंनो आणि पालक मंडळींनो!

मी अमळनेरची मंदा बाविस्कर, सरांची जुनी विद्यार्थिनी. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘ऋणनिर्देश’ असं छापलंय. ऋण तर मानणार आहेच. पण आधीच सांगून टाकते, मी आज इथं भांडायलाही उभी आहे. अध्यक्ष महाराज, ती घंटी जरा लांब ठेवा.

त्याचं असं आहे. जी बहिरी मुलं शाळेत जात नाहीत, त्यांच्या घरात हातांच्या खुणांची एक बोली आपोआप तयार होते. आई-बाप, भावंडं, सगळेच ती बोलतात. या घरगुती खुणांवर पीएच.डी. करायची असं नाना सरांनी फार पूर्वी ठरवलं होतं. नोंदणीही केली होती. पण दरवर्षी एम.एड.ला विशेष शिक्षण हा विषय घेणारी आमच्यासारखी नवी पोरं यायची, आणि सर आपलं काम बाजूला ठेवून आमच्याबरोबर एसटीत बसायचे. कुणाबरोबर चोपड्याला, कुणाबरोबर साक्रीला. त्यात त्यांच्या नोंदणीची मुदत संपून गेली. पुढे मी पीएच.डी. करायची म्हटल्यावर म्हणाले, “मंदा, तो विषय तूच घे. मुलं काही माझ्यासाठी थांबायची नाहीत.” शेजारणीनं वाटीभर विरजण द्यावं, तसा आयुष्याचा विषय देऊन टाकला! कागदोपत्री माझे मार्गदर्शक पुण्याचे होते. खरे कोण, हे या सभागृहाला मी सांगायला हवं का?

सरांचा एक नियम होता. मुलानं तुम्हाला नाव दिल्याशिवाय कागद काढायचा नाही. बहिरं मूल माणसाला नाव देतं तेही खुणेनंच. सरांचं नाव म्हणजे बोटानं नाकावरचा चष्मा वर ढकलायचा. हसू नका, सर आत्तासुद्धा तेच करताहेत.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. साक्रीच्या पलीकडे, डोंगराकडच्या एका गावात कुवरसिंगभाऊंची जिवली, आठ वर्षांची. मी तिच्या घरी दोन दिवस बसून भराभर लिहून काढलं. साक्रीच्या स्टँडवर सर भेटले. मी ऐटीत कागद पुढे केले. त्यांनी ते बघितलेसुद्धा नाहीत.

“तुला नाव काय दिलं तिनं?”

“अजून नाही दिलं, सर.”

“मग हे कुणाबद्दल लिहिलंस? तिला तू ठाऊक नाहीस, आणि तुला ती कशी ठाऊक झाली?”

अहो, अख्ख्या स्टँडवर रागावले! गेलं खड्ड्यात ते संशोधन, असं मनात म्हणत मी डोळे पुसत उभी. मग त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “मंदा, उशीर झाला तरी चालेल. अर्धवट चालणार नाही.” पुढच्या गाडीनं आम्ही दोघं परत जिवलीच्या घरी.

कुवरसिंगभाऊ ओट्यावर होते. “ताई, परत ऊनात का? आलात तशा बसा, शेंगा फोडू लागा,” म्हणाले. मी बसले. फोडता फोडता अंगठा असा दुखायला लागला की मी त्यावर फुंकर घातली. जिवली खदखदून हसली, तिनं आपल्या अंगठ्यावर फुंकर मारली आणि माझ्याकडे बोट केलं. झालं माझं बारसं! डॉक्टर ही पदवी मला नंतर मिळाली, पण माझं ते नाव मला त्या पदवीहून प्रिय आहे, आणि ते सरांमुळे मिळालं.

आता भांडण. या वर्षी आपल्या विद्यापीठानं मला पीएच.डी.ची मार्गदर्शक म्हणून मान्यता दिली. मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेले आणि म्हटलं, “सर, आता निवृत्त होऊन रिकामे होताय. माझ्याकडे नोंदणी करा.” नाही म्हणाले. पुन्हा गेले, पुन्हा नाही. अक्का माझ्या बाजूनं, तरी नाहीच. कारण काय, तर म्हणे, “मार्गदर्शकाला रागावता आलं पाहिजे. तू माझ्यावर कशी रागावशील?”

तर ऐका, सर. हे काय चालवलंय तुम्ही? जिवलीची लेक दोन वर्षांची झाली. पोरीला सगळं ऐकू येतं, आजोबांशी तोंडानं बोलते अन् आईशी हातांनी. यावर लिहायला हवं, असं येईल त्याला सांगत सुटता. लिहिणार कोण? आमची एक ओळ सैल दिसली की तांबड्या शाईनं पान भरून टाकायचात, आणि स्वतःचं काम मात्र वाऱ्यावर सोडून द्यायचं? ही सूट आम्हाला कधी दिली होतीत? मला राग आलाय, सर. खरंच आलाय. तुमच्या ताटातलं आम्ही सगळ्यांनी खाल्लं, आणि तुम्ही उपाशी उठून चाललात. हे मला सहन होत नाही.

नको, पाणी नको. ठीक आहे मी.

सर, कुठं निघालात? अक्का, धरा त्यांना! बघा, शाल-नारळ खुर्चीवर ठेवून व्यासपीठावरून उतरले. तिसऱ्या रांगेत जिवली बसलीय, सकाळच्या गाडीनं लेकीला घेऊन आलीय, तिच्याकडे चाललेत. जिवली त्यांना विचारतेय, काय झालं म्हणून. थांबा, मी सांगते तुम्हाला सर काय म्हणताहेत. त्यांनी अंगठ्यावर फुंकर मारली, म्हणजे मी. आणि आता... आता त्यांनी स्वतःचा कान धरला.

आणि बसले तिथंच, विद्यार्थ्यांच्या रांगेत.

अध्यक्ष महाराज, माझं काम झालं. संस्थेची, अक्कांची आणि ज्यांनी आम्हाला आपल्या घरात बसू दिलं त्या सगळ्या आई-बापांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात जीभ जास्त चालली असेल, तर सभागृहानं ते पोटात घालावं. नाना सरांनी मात्र घालू नये. त्यांनी सोमवारी माझ्याकडे यावं.

उशीर झालाय, सर. चालेल. अर्धवट चालणार नाही.