आत्याच्या अंगात आलं तेव्हा

देवीचा विषय काढलात म्हणून सांगतो. गलगंडाचं ऑपरेशन होऊन आमची गंगूआत्या नुकतीच घरी आली होती. एका सकाळी तिच्या ओठांना मुंग्या आल्या आणि बघता बघता दोन्ही हातांची बोटं आखडून चोचीसारखी एकत्र झाली. आम्ही सगळे घाबरलो. शेजारच्या भागूबाईंनी मात्र हात जोडले.

"देवी आली की वो!"

लगेच कुंकू आलं, ऊद पेटला. आत्या कळवळून ओरडली, "अगं, डाक्तरला बोलवा की!"

भागूबाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलं न्हवं? देवीचा हुकूम हाय. जावा!"

मी सायकल काढली. डॉक्टर टांग्यातून आले आणि धुरातून वाट काढत आत्यापाशी बसले. "ऑपरेशननंतर रक्तातला चुना कमी झालाय," असं म्हणून त्यांनी शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन हळूहळू द्यायला घेतलं. आत्याचं एकेक बोट सुटायला लागलं, तसा आमचा जीव भांड्यात पडला.

भागूबाई मात्र घायकुतीला आल्या. "अवो डाक्तर, जरा दमानं! माझ्या लेकीच्या लग्नाचं इचारायचं राहिलंय, आन तुमी देवीला घालवाया लागला!"