बोलक्या मुलाच्या बाई

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, शिक्षक, पालक, आणि पंख्यांच्या आवाजापासून दूर शेवटच्या रांगेत बसलेल्या विद्यार्थी मित्रहो,

आज बाई निवृत्त होताहेत. पालकांच्या वतीने खरं तर आई बोलणार होती. ऐनवेळी म्हणाली, "माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, तूच जा. तुला कुठे रडू येतं!" म्हणून मी उभी आहे. मी वजनकाटे आणि तापमापकं तपासून देते. भाषण हा काही माझा प्रांत नाही.

माझा धाकटा भाऊ या शाळेत आहे. आत येताना त्याने आपल्याला विचारलंच असेल, "तुमच्या बुटाचा नंबर काय?" अध्यक्ष महोदय, आपण थांबून सांगितलात, आभारी आहे.

ऑटिझम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकच मूल येतं, कोपऱ्यात पाठमोरं बसलेलं. तशी एक मुलगी त्याच्या वर्गात आहे. एकटी ठोकळे लावते आणि अगदी मजेत असते. दुसरा एक मुलगा कुणाशी बोलत नाही, पण शेजारचा उठून गेला की कासावीस होतो. त्याला सोबत हवी, गप्पा नकोत. आणि आमच्या भावाला माणसं हवीत. सगळी. मावशी म्हणायची, "अगं, हा तर पोपटासारखा बोलतो! याला कसला आलाय ऑटिझम?"

बोलतो, खरंय. पण त्याच्याशी कोण बोलतं? जिन्यात शेजारचे काका हसून "नऊ" म्हणतात आणि दार लावून घेतात. त्याच्या वयाची मुलं त्याला येताना पाहून खेळ दुसरीकडे नेतात. घरी आम्ही तिघं. जेवताना आवाज त्याचा एकट्याचा.

बाईंनी पहिल्या दिवशी आपला नंबर सांगितला आणि विचारलं, "आणि तुझा रे?"

तो गप्प झाला. आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. बाई मात्र हलल्या नाहीत. शेवटी त्याने बूट काढला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "पाच." तोवर त्याला कुणी उलट विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मधल्या सुट्टीत दोघं बोलत आले. एकदा तो, एकदा बाई.

गेल्या आठवड्यात बाईंनी त्याला स्वतः सांगितलं की आता त्या येणार नाहीत. मी त्याला न्यायला आले होते. मला धास्ती होती रडारडीची, आदळआपटीची. तसं काही झालं नाही. त्याने बाईंच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग तुम्ही कुणाशी बोलणार?"

बाई घरी एकट्याच असतात, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. त्या चष्मा पुसत राहिल्या. मला वाटलं, मी मध्ये काहीतरी बोलावं. मी त्याचं दप्तर उचललं. वाटेत त्याने कुणालाच नंबर विचारला नाही.

संस्थेने मला इथे उभं केलं, आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला काही लागलं असेल, तर पोटात घाला.

आणि बाई, आई आणि मी फारशा बोलत नाही. पण रविवारी तो घरीच असतो. याल?